मदत हवी आहे: झरमॅटमध्ये (स्वित्झर्लंड) आईबाबांना चांगल्या ठिकाणी जेवायला न्यायचंय

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आईबाबांच्या लग्नाला 40 वर्षं होतायत, म्हणून त्यांना झरमॅटला नेतोय. जवळच्या टॅश गावात गाडी ठेवून पुढे ट्रेनने जाणार. एक संध्याकाळ मात्र खास हवी: खिडकीतून मॅटरहॉर्न शिखर, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, निवांत जेवण.

अडचण अशी की दोघंही पक्के शाकाहारी आणि आईला दारू घातलेलं काहीच चालत नाही. मागच्या खेपेला दुसऱ्या एका गावात फाँड्यू (पाव बुडवून खायचं वितळलेलं चीज) मागवलं. आईने पावाचा तुकडा बुडवून तोंडाजवळ नेला, वास आला, आणि काटा हळूच खाली ठेवला. नंतर नुसते उकडलेले बटाटे खाल्ले. मला फार वाईट वाटलं. फाँड्यूत सहसा व्हाइट वाइन आणि बऱ्याचदा कीर्श (चेरीची दारू) असते, हे मीच आधी सांगायला हवं होतं. शिवाय त्यातल्या ग्रुयेर चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) असतं, ते वेगळंच.

वाइनशिवायचं फाँड्यू आधी सांगितलं तर करून देतात का? शाकाहारी कोर्स मेन्यू मनापासून करणारं ठिकाण कुणी अनुभवलंय? टेबल किती आधी बुक करावं? बाबा स्वेटर आणि स्नो बूट घालून आले तर चालेल ना?