मदत हवी आहे : बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाबद्दल सूचना

नमस्कार मंडळी. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाची चर्चा बरीच वर्षं चालू आहे. आम्ही काही हौशी नाट्यकर्मी आणि परिसरातले रहिवासी मिळून नागरिकांच्या सूचनांचं निवेदन तयार करतो आहोत, त्यासाठी मदत हवी आहे.

1962 साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते पायाभरणी झालेली आणि 1968 मध्ये सुरू झालेली ही वास्तू आहे, तेव्हा 'पाडा की ठेवा' यावर वाद होणारच. पण मला त्याहून मोठा प्रश्न वाटतो तो असा, की प्रयोग नसताना ही जागा कुणाची? लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉल या संगीत सभागृहाने 1983 पासून आपली दालनं दिवसभर सगळ्यांसाठी खुली ठेवली. तिकीट नसलं तरी माणसं तिथे येऊन बसतात, वाचतात. जंगली महाराज रस्त्यावरच्या आपल्या रंगमंदिरात हे का होऊ नये? शाळांच्या नाटकांना, तालमींना परवडणारी खोली, व्हीलचेअर थेट रंगमंचापर्यंत नेणारा उतार, कलादालनात होतकरू चित्रकारांना कमी भाड्यात जागा, हे सगळं मूळ आराखड्यातच हवं. मागाहून कुणी देत नाही.

तुमच्या गावातल्या नाट्यगृहाचं नूतनीकरण झालं असेल, तर कृपया सांगा: बंद काळात प्रयोग कुठे हलवले? भाडं किती वाढलं? आणि हौशी संस्थांसाठी राखीव तारखा करारात लेखी कशा घेतल्या? ठरावाची किंवा कराराची प्रत कुणाकडे असेल तर फारच उपयोग होईल. वास्तुरचनाकार आणि ध्वनितज्ज्ञांनीही जरूर लिहावं.