मदत हवी आहे: दिनविशेषात न्यूटनचा जन्म कोणत्या तारखेला टाकू?

नमस्कार मंडळी,

वर्षभराच्या दिनविशेषांची वही करतोय. रोज एक पान: घटना, जन्म, मृत्यू. १२ फेब्रुवारीला मजा आली, डार्विन आणि लिंकन दोघेही १८०९ साली त्याच दिवशी जन्मले. ४ जुलै १८२६ ला तर अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन एकाच दिवशी गेले!

पण न्यूटनपाशी गाडी अडली. इंग्लंडमध्ये तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका होती, तिच्यानुसार जन्म २५ डिसेंबर १६४२. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने ४ जानेवारी १६४३. म्हणजे ‘गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला’ हे लाडकं वाक्यही गडबडतं, कारण गॅलिलिओच्या मृत्यूची तारीख (८ जानेवारी १६४२) नव्या पद्धतीची आहे. रशियाची ‘ऑक्टोबर क्रांती’ अशीच ७ नोव्हेंबरच्या पानावर जाते.

दुसरा घोळ वेळेचा. चंद्रावर यान उतरलं ते अमेरिकेत २० जुलै १९६९, आपल्याकडे मात्र तेव्हा मध्यरात्र उलटून २१ जुलै लागली होती. मी सध्या घटना जिथून नोंदली गेली तिथली तारीख धरतोय. बरोबर आहे का?

जुन्या नोंदींसाठी तुम्ही कोणती तारीख मुख्य धरता? दोन्ही पानांवर लिहिलं तर एकच माणूस दोनदा जन्मतो, ते काही पटत नाही. आणि २९ फेब्रुवारीवाले (मोरारजी देसाई, १८९६) इतर वर्षी २८ ला घ्यावेत की १ मार्चला?