मदत हवी आहे : फॉल्स सीलिंगमध्ये स्प्रिंकलरभोवती राहिलेली मोठी भोके कशी बुजवावीत?

नमस्कार.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या गृहनिर्माण संस्थेत तळमजल्यावर मुलांसाठी अभ्यासिका आहे. मागच्या पावसाळ्यात गळतीने तिथले जिप्सम बोर्डाचे छत खराब झाले, म्हणून आम्ही ते काढून नवे बसवून घेतले. परंतु कारागिरांनी स्प्रिंकलरसाठी, म्हणजे आग लागल्यावर आपोआप पाणी फवारणाऱ्या तोट्यांसाठी, भोके अंदाजानेच पाडली. चौदापैकी नऊ ठिकाणी भोक इतके मोठे झाले आहे की स्प्रिंकलरभोवतीची धातूची चकती, जिला कामगार रोझेट म्हणतात, ती छताला टेकतच नाही. मी शिडीवर चढून पट्टीने मोजले तेव्हा चकतीचा व्यास ७५ मिलिमीटर आणि भोक ११० मिलिमीटर भरले. कडेने मोबाइलचा टॉर्च मारला की वरचा स्लॅब आणि लाल पाइप स्वच्छ दिसतो.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही, असे मला मनापासून वाटते. आमच्या स्प्रिंकलरच्या काचेच्या बल्बमध्ये लाल द्रव आहे, म्हणजे तो ६८ अंश सेल्सिअसला फुटणारा आहे. आग लागल्यावर गरम हवा आधी छताला भिडून पसरते आणि त्या थरातच बल्ब तापतो. पण बल्बच्या शेजारीच एवढे भगदाड असेल, तर ती उष्णता वरच्या पोकळीत निघून जाईल आणि पाणी सुटायला उशीर होईल. परीक्षेच्या दिवसांत रात्री अकरापर्यंत मुले तिथे बसलेली असतात.

कारागीर सिलिकॉन किंवा फोम मारून देतो म्हणतात. एका ठिकाणी तर त्यांनी पीओपी थेट स्प्रिंकलरच्या मानेपर्यंत भरले असून प्रायमरचा तांदळाच्या दाण्याएवढा थेंब बल्बवर सुकून बसला आहे. ते पाहून मी काम थांबवले. लाइनमधील पाणी न उतरवता भोके लहान करता येतील का, की मोठी चकती लावणे पुरेसे आहे? तो प्रायमर थिनरने पुसावा का? शिवाय दाराजवळ नवे छत खाली घेतल्यामुळे तिथल्या एका स्प्रिंकलरचा डिफ्लेक्टर, म्हणजे पाण्याचा फवारा पसरवणारी खालची पत्री, जवळजवळ छताच्या पातळीतच आला आहे. त्याचे काय करावे?

प्रतिसाद :

नमस्कार ताई. मी नवी मुंबईत स्प्रिंकलर यंत्रणेच्या देखभालीचे काम करतो. तुम्ही काम थांबवलेत हे फार बरे केलेत.

सिलिकॉन, फोम, पीओपी यांपैकी काहीही स्प्रिंकलरला चिकटता कामा नये. शिवाय साधा पीयू फोम स्वतःच पेट घेतो. भोकाभोवतीचा बोर्ड चौकोनी कापून घ्या, वरून बोर्डाच्या पट्ट्यांचा आधार स्क्रूने बसवा, आणि नवा तुकडा दोन अर्ध्या भागांत करून प्रत्येकाला अर्धगोल खाच पाडा. दोन्ही भाग पाइपाच्या दोन बाजूंनी येऊन मिळतात, त्यामुळे स्प्रिंकलर काढावा लागत नाही आणि पाणीही उतरवावे लागत नाही. सांध्यावर जाळीची टेप आणि जॉइंटिंग कंपाउंड लावा, आणि मधले भोक चकतीच्या कडेखाली पूर्ण झाकले जाईल एवढेच ठेवा. काम चालू असताना बल्बवर कागदी पिशवी घाला. मात्र ती त्याच दिवशी, मोजून, काढून घ्या. ही पिशवी महिनोन्‌महिने तशीच राहिलेली मी पाहिली आहे.

मोठी चकती चालते, पण ती त्या स्प्रिंकलरच्या उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी दिलेली धातूची चकती असावी. प्लायवूड किंवा प्लास्टिक कापून केलेली नको. तुमच्याकडे झाकणामागे लपलेल्या प्रकारचे स्प्रिंकलर कुठे असतील, तर त्यांच्या झाकणाभोवतीची बारीक फट मुळीच बुजवू नका. झाकण आधी गळून पडावे लागते आणि गरम हवा त्या फटीतूनच आत जाते.

प्रायमर पुसू नका. रंग लागलेला स्प्रिंकलर साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो, कारण थिनरने आणि खरवडण्याने बल्बला इजा होऊ शकते. नवा घेताना तापमान, पाणी सोडण्याची क्षमता आणि प्रकार तोच ठेवा. दाराजवळचा स्प्रिंकलर मात्र बोर्डाच्या कामाने सुधारणार नाही. डिफ्लेक्टर छताच्या किमान २५ मिलिमीटर खाली हवा, नाहीतर पाण्याचा फवारा छतालाच अडतो. तिथला खाली येणारा पाइपचा तुकडा बदलावा लागेल, आणि त्यासाठी पाणी उतरवावे लागेल. ही दोन्ही कामे परवानाधारक संस्थेकडूनच, एकाच वेळी करून घ्या. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारीत आणि जुलैत द्यायच्या नमुना ब प्रमाणपत्राआधी (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) ती उरकलेली बरी. शेवटी पाणी उतरवण्यासाठी बंद केलेला व्हॉल्व्ह पुन्हा पूर्ण उघडला आहे, हे तुम्ही स्वतः पाहा.

धागाकर्ती :

मनापासून आभार, दादा. दोन अर्ध्या भागांची युक्ती आमच्या कारागिरांना चित्र काढून दाखवली आणि ती त्यांना लगेच समजली. रविवारी बोर्डाचे काम करू. देखभाल करणाऱ्या संस्थेला आजच पत्र दिले आहे. प्रायमर लागलेला आणि दाराजवळचा, हे दोन्ही स्प्रिंकलर दुरुस्त होईपर्यंत अभ्यासिका बंद ठेवून मुलांना वरच्या सभागृहात बसवत आहोत. पिशव्या मोजून घालणे आणि मोजून काढणे हे काम मी स्वतःकडे ठेवले आहे.