आहेराची वही: माणसं जोडली की मोजली? तुमचे अनुभव सांगा

वहीवाला

मागच्या वर्षी बाबा गेले. कोणाकोणाला कळवायचं म्हणून त्यांचा फोन उघडला तर सातेकशे नंबर, त्यातले निम्मे 'गॅसवाला', 'प्लंबर नवीन', 'प्लंबर जुना, बोलवू नये'. शेवटी कामाला आली ती आहेराची वही. माझ्या मुंजीपासूनची. कोणी 11 रुपये, कोणी स्टीलचा डबा, कोणापुढे नुसतंच 'आले होते'. आणि प्रत्येक नावापुढे बाबांच्या हातची खूण: अमक्या साली परत केला, 11 चे 21.

लहानपणी मला हे फार कोरडं वाटायचं. जिव्हाळ्याच्या माणसाचा कसला हिशोब ठेवता? माझ्या लग्नात मी ऐटीत पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापलं. बाबा काही बोलले नाहीत. आता माझ्याकडे वही नाही, आणि उद्या माझ्या मुलीवर ही वेळ आली तर ती काय उघडून बघणार, कोण जाणे.

तर बोला. माणुसकी संपली वगैरे प्रवचन नको, घडलेलं सांगा. तुम्ही स्वतः आपमतलबी वागला असाल तर तेही येऊ द्या.

तिसरा मजला

मुलुंड. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा मी कमिटीत होतो. 28 बिऱ्हाडं, जादा किल्ल्या एकमेकांकडे ठेवलेल्या. 2019 च्या शासन निर्णयानंतर 51 टक्के सभासदांची संमती पुरते हे कळलं आणि तिथून डोकी मोजणं सुरू झालं. आपल्याकडे किती, त्यांच्याकडे किती. वाढीव कार्पेट, कॉर्पस, महिन्याचं भाडं हे शब्द पंधरा दिवसांत आजीबाईंनाही पाठ झाले. ज्या काकूंनी माझ्या मुलाला दोन वर्षं सांभाळलं, त्यांच्याशी मी त्यांची बंद केलेली बाल्कनी क्षेत्रफळात धरायची की नाही यावरून भर सभेत भांडलो. नियमाने माझंच बरोबर होतं. पण खरं सांगायचं तर माझ्या पार्किंगचं मी बिल्डरशी त्या सभेच्या आधीच बोलून ठेवलं होतं.

ते मिळालं. लिफ्टला लागूनच आहे. काकू अकराव्यावर, आम्ही सतराव्यावर. लिफ्टमध्ये गाठ पडली की दोघंही वरचे आकडे बघत उभे राहतो.

कोरडवाहू

वहीवाले, तुमचे वडील शहाणे होते. आमच्याकडं सातारच्या बाजूला पैरा असायचा. माझा एक बैल, शेजाऱ्याचा एक. जोडी जुंपली की आज त्याचं रान, उद्या माझं. पेरणीला, मळणीला माणसांचाही पैरा. शहरातली माणसं हे ऐकून उगाच डोळ्यात पाणी आणतात. त्यात माणुसकीचा फार भाग नव्हता, एकट्याला जमायचं नाही म्हणून चालायचं. त्यानं दोन दिवस दिले तर मी दोन दिवस फेडायचे. न फेडणाऱ्याच्या रानात पुढच्या साली कुणी पाय ठेवायचं नाही.

आता ट्रॅक्टर एकराच्या हिशोबानं येतो, सोयाबीनची मळणी पोत्यावर. पैसे टाकले, काम झालं, कुणाचं मिंधं राहायला नको. सोपं झालंय, खोटं कशाला बोलू. फक्त एक फरक पडला. पूर्वी बांधावरनं कितीही भांडण झालं तरी पेरणीच्या आत मिटवावंच लागायचं, कारण दुसरा बैल त्याचा. आता भांडण तहसीलला जातंय. आमचं नववं वरीस चालू आहे.

वाटीभर

पैऱ्यासारखंच आमच्या मजल्यावर विरजणाचं होतं. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, म्हणून लाडूचा अर्धा तुकडा का होईना, घालून द्यायचा. आता कोथिंबिरीपासून विरजणापर्यंत सगळं फोनवरून दहा मिनिटांत दारात. समोरच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षं कोण राहतं ते मला ठाऊक नव्हतं. कळलं ते चुकून त्यांचं पार्सल माझ्याकडे आलं तेव्हा. मी दाराबाहेर ठेवलं आणि बेल वाजवून आत पळाले. का पळाले, अजून कळत नाही.

एडिसनकर

न्यू जर्सी. आमची आठवण लोकांना वर्षातून एकदाच येते, भारतात निघालो की. 'बॅगेत थोडी जागा आहे का हो?' 23 किलोच्या दोन बॅगा, त्यातले नऊ किलो लोकांचे. येताना त्यांच्या आईने दिलेल्या चकल्या. चिडचिड होते. मात्र आम्ही ज्या वर्षी गेलो नाही, त्या वर्षी आमचा गोडा मसाला अशाच एका चिडलेल्या माणसाच्या बॅगेतून आला होता.

लेक

सगळं गोड गोड चाललंय, म्हणून जरा कडू लिहिते. माझे वडील माणसं जोडण्यात वाकबगार. पुण्यात आमच्या दोन खोल्या. गावाकडून ससूनला पेशंट घेऊन येणारे, स्पर्धा परीक्षेला बसलेले भाचे, नोकरी शोधणारे, सगळे आमच्याकडे उतरायचे. अजूनही गावात वडिलांचं नाव निघतं: काय दिलदार माणूस! माणसं त्यांनी जोडली, भाकऱ्या आईने थापल्या. रात्री साडेदहाला कोणी दारात आलं की वडील म्हणायचे, 'या, या', आणि आई पदर खोचून पुन्हा स्टोव्हला पंप मारायची. मी दहावीचा अभ्यास जिन्यात बसून केला.

आईने एकदाच, फक्त एकदाच, 'आज नको' म्हटलं. तिला तेव्हा ताप होता. पाहुण्यांनी ते गावभर केलं आणि ती बाई स्वार्थी ठरली. त्यामुळे 'हल्ली लोक फार आपलं आपलं बघतात' असं कोणी म्हणालं की मी विचारते, पूर्वी ज्यांनी आपलं बघितलं नाही त्यांचं कोण बघत होतं? माझ्या घरी मी आधी फोन केल्याशिवाय कोणाला येऊ देत नाही. यात मला शष्प अपराधी वाटत नाही.

गाऊनवाली

26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस. कमरेएवढ्या पाण्यातून कुर्ल्याला एलबीएस रोडवर अडकले. एका चाळीतल्या बाईंनी हाताला धरून वर घेतलं, कोरडा गाऊन दिला, खिचडी वाढली. पंधरा दिवसांनी तो गाऊन धुऊन, इस्त्री करून, पेढे घेऊन परत गेले. आता हे घर आपलं, येणं-जाणं होणार, असं मनात पक्कं धरून. बाई दारात नुसत्या बघत राहिल्या. 'त्या रात्री बारा-चौदा जणी होत्या ओ. तुम्ही त्यातल्या कोणत्या?'

जरा लागलं मनाला. पेढ्यातला एक त्यांनी माझ्याच हातावर ठेवला.

वहीवाला

लेक, तुमचं वाचून गप्प झालो. आमची वही पुन्हा काढली. अक्षर सगळं बाबांचं, पण आहेराला साड्या कोणी आणल्या, पिको-फॉल कोणी केले, याची कुठे नोंद नाही. एक विचारू का? त्या सगळ्या उतरलेल्यांपैकी नंतर कोणी आलं?

लेक

एक जण. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. चार महिने आमच्याकडे राहून परीक्षा दिलेला मुलगा, आता स्वतःच पन्नाशीचा. बायकोला नाही सांगितलं म्हणे, स्वतः थापून ज्वारीच्या भाकऱ्या आणल्या होत्या, सोबत पिठलं. आई पडल्या पडल्या बघत होती. एक भाकरी मोडली, बोटांनी चाचपली आणि म्हणाली, 'जाड झाल्यात रे. पाणी गरम घ्यायचं पिठात.'