छोट्या मशीन शॉपने नवखी पोरं घेऊन शिकवावीत का?

शिरोलीकर (धागाकर्ता):
कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, मशीनवर कापून मापात आणायला घेणारे इथं बरेच जण आहेत. सगळ्यांची तक्रार एकच: आयटीआयचा पोरगा घेऊन शिकवला की तो पुण्याजवळ चाकणच्या मोठ्या कंपन्यांत जातो. तरी माझं ठाम मत आहे, शिकवणं सोडू नये. बाहेरून आलेल्या तयार ऑपरेटरला आपला माल ठाऊक नसतो. बिडात (ओतीव लोखंडात) वाळू अडकली की इन्सर्टचा, म्हणजे कापणाऱ्या टोकाचा, आवाज बदलतो, हे आपल्याच मशीनवर कान तयार झालेल्याला पटकन कळतं.

मात्र शिकवायला क्रम हवा. सुरुवातीला पोराला मशीन देऊच नका, मोजायला शिकवा. व्हर्नियरवर ०.०२ मिमी, मायक्रोमीटरवर ०.०१ मिमी. एकच जॉब (मशीनवरचा भाग) त्यानं आणि इन्स्पेक्टरनं मोजायचा, आकडे जुळेपर्यंत. मग इन्सर्ट बदलणं, मग ऑफसेट, म्हणजे माप सुधारायला टूल किती सरकवायचं तो आकडा. इन्सर्ट घासला की बाहेरचा व्यास वाढत जातो. किती ऑफसेट द्यायचा ते त्यानं आधी वहीत लिहून सेटरला दाखवायचं. सेटिंग, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन लावणं, सगळ्यात शेवटी. तुमचं काय मत?

व्हीएमसीवाला:
साहेब, अजिबात पटलं नाही. शिकवणाऱ्या सेटरचा वेळ कोण मोजतो? माझ्याकडे सेटर एकच. तो पोराजवळ उभा राहिला की दुसऱ्या मशीनचं सेटिंग अडतं, आणि बँकेचा हप्ता त्यासाठी थांबत नाही. पोरानं टूल आपटलं की स्पिंडलचं काम निघतं, वर खराब मालाचे पैसे कापणारी ग्राहकाची डेबिट नोट येते. एवढं सोसून पोरगा दिवाळीचा बोनस घेऊन जाणार. त्यापेक्षा चार हजार जास्त देऊन तयार माणूस घ्यावा. मोठ्या कंपन्यांसाठी शाळा चालवायला आपण बसलेलो नाही.

उद्यमनगर:
शिकवा, पण दोन वर्षांचा बाँड लिहून घ्या आणि मूळ सर्टिफिकेट कपाटात ठेवा. आमच्याकडे सगळे हेच करतात.

वकील ताई:
सर्टिफिकेट अडकवून ठेवू नका, तो त्या मुलाचा कागद आहे. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायचं नाही, ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही. नोकरी चालू असतानाचा बाँड वेगळा. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेचा, तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख भरायचा, बाँड वैध ठरवला. पण तिथं सरकारी बँक होती आणि भरतीचा मोठा खर्च होता. तुम्ही कोर्टात काय दाखवणार? व्हर्नियर धरायला शिकवलं त्याचं बिल?

व्हीएमसीवाला:
ताई, म्हणजे मालकाच्या हातात काहीच नाही. तेच म्हणतोय मी.

चाकणला गेलेला:
मी अशाच एका शॉपमधून गेलो. मालक माणूस म्हणून चांगले होते, शिकवलंही मनापासून. पण सेटिंग यायला लागल्यावर पगार किती होईल, हे विचारलं की "बघू" एवढंच उत्तर. ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) दहा माणसांपासून लागतं म्हणून होतं. पीएफची सक्ती वीसपासून, म्हणून नव्हता. घरी लग्नाची बोलणी चालू होती, मुलीकडचे पहिलं पीएफच विचारायचे. पगारातला फरक मी कदाचित सोसला असता, त्या "बघू"ला मात्र कंटाळलो.

शिरोलीकर:
दादा, बरं झालं लिहिलंत. बाँड लिहिण्यापेक्षा हे लिहून भिंतीवर लावा: मोजमाप आलं की इतका पगार, ऑफसेट आला की इतका, सेटिंग आलं की इतका. पीएफ वीसच्या आतही स्वेच्छेनं घेता येतो.

व्हीएमसीवाले साहेब, सेटरच्या वेळेचा मुद्दा खरा आहे, म्हणूनच त्याला शिकवण्याचा वेगळा भत्ता द्यायला हवा. नाहीतर तो हातचं राखूनच शिकवणार. २०१६ मध्ये आलेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार योजनेत सरकार स्टायपेंडचा २५ टक्के वाटा उचलतं, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत. चार ते एकोणतीस माणसांच्या शॉपला ती ऐच्छिक आहे, पण आपल्यातले फार थोडे नोंदणी करतात.

व्हीएमसीवाला:
भत्त्याचं पटतं, सेटरशी बोलतो. पण पगाराचा तक्ता भिंतीवर लावला तर जुनी माणसं उद्याच केबिनमध्ये येतील.

शिरोलीकर:
येऊ देत की. आधी त्यांचाच पगार तक्त्यात बसवा, मग नवा पोरगा घ्या.