लाईट गेली म्हणून स्लॅशिंग होत नाही

नाशिकला पावसाळ्यात तासन्‌तास लाईट जाते, त्यामुळे घरी इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कचा वॅलिडेटर (ब्लॉक तपासून त्यावर मत देणारी यंत्रणा) चालवला तर त्यासाठी तारण ठेवलेले 32 इथर (इथेरियमचं चलन) स्लॅश होतील, म्हणजे नियम मोडल्याची शिक्षा म्हणून कापले जातील, असं एका पोस्टमध्ये म्हटलंय. हे अजिबात पटलं नाही. मशीन बंद पडणं वेगळं आणि स्लॅशिंग वेगळं. इथेरियमवर दर 12 सेकंदांनी एक स्लॉट (नवा ब्लॉक जोडायची वेळ), असे 32 स्लॉट मिळून एक इपॉक, आणि प्रत्येक इपॉकमध्ये वॅलिडेटरने एकदा मत नोंदवायचं. ते हुकलं की बक्षीस जेवढं मिळालं असतं साधारण तेवढंच कापलं जातं. माझा नोड, म्हणजे वॅलिडेटरचं मशीन, नाशिकच्या सिडकोत घरीच आहे. लाईट गेली की शिल्लक किंचित उतरते आणि जवळपास तेवढ्याच वेळात भरूनही येते. नेटवर्कमधला एक तृतीयांशाहून जास्त स्टेक (तारण ठेवलेलं इथर) एकदम बंद पडला तर दंड वाढत जातो, पण तो अख्ख्या नेटवर्कचा प्रश्न झाला.

खरी भीती बॅकअपची आहे, आणि त्याबद्दल इथे कुणीच लिहिलेलं नाही. लाईटच्या धास्तीने लोक त्याच कीज (मतावर सही करायच्या गुप्त किल्ल्या) दुसऱ्या मशीनवर किंवा क्लाउडवर टाकतात. मग लाईट येते, दोन्ही मशीन सुरू असतात, एकाच इपॉकसाठी दोन वेगळी मतं सही होऊन जातात. स्लॅशिंग होतं ते याला. इथेरियमच्या मे 2025 च्या पेक्ट्रा अपग्रेडनंतर सुरुवातीचा दंड बराच कमी झाला, तरी वॅलिडेटर सक्तीने बाहेर काढला जातोच. तेव्हा दुसरं मशीन ठेवण्यापेक्षा चांगला इन्व्हर्टर घ्या, आणि त्यावर राउटरही जोडा. मशीन बदलायचंच असेल तर आधी जुनं पूर्ण बंद करा आणि त्याचा स्लॅशिंग प्रोटेक्शनचा डेटाबेस (आधी सही केलेल्या मतांची नोंद) नव्यावर न्या.