आफ्रिकेतल्या म्हणी आणि पुराकथा मराठीतून सांगायच्या आहेत, तपासायच्या कशा?

वाचनकट्टा_कोथरूड

नमस्कार. पुढच्या महिन्यात कोथरूडला आमच्या वाचनकट्ट्यावर 'आफ्रिकेतल्या आदिवासींच्या म्हणी, पुराकथा आणि मौखिक परंपरा' असा कार्यक्रम ठरला आहे. वेळ दीड तास, श्रोते चाळीसेक. बरेचसे साठीच्या पुढचे, काही जण नातवंडांना घेऊन येणार. नेटवरून ६० म्हणी जमवल्या आहेत, पण जवळपास सगळ्यांखाली नुसतं 'आफ्रिकन म्हण' एवढंच लिहिलंय. 'एक मूल वाढवायला अख्खं गाव लागतं', 'म्हातारा माणूस गेला की एक ग्रंथालय जळतं' वगैरे. यांतल्या खऱ्या कुठल्या हे कसं ओळखायचं? भाषांतर करताना जवळची मराठी म्हण ठेवली तर चालेल का? आणि गोष्टी वाचून दाखवाव्यात की सांगाव्यात?

म्हणींचा_माग

आधी शीर्षकातला 'आदिवासी' काढा. तो शब्द ऐकला की आपल्या श्रोत्यांना वारली, कातकरी, ठाकर आठवतात आणि पुढचं सगळं त्याच चौकटीत ऐकलं जातं. योरुबा ही नायजेरिया आणि बेनिनमधल्या कोट्यवधी लोकांची भाषा आहे. घानातल्या असांतेंचं मोठं राज्य होतं, सोन्याचा व्यापार होता, दरबार होता. त्या दरबारात राजा थेट बोलत नसे. त्याचं म्हणणं 'ओक्यामे' नावाचा मानकरी लोकांपर्यंत पोचवायचा. त्याच्या हातातली लाकडी काठी सोन्याच्या पत्र्याने मढवलेली असते आणि तिच्या टोकावरचं कोरीवकाम हीच एक म्हण असते. एका प्रसिद्ध काठीवर मुठीत धरलेलं अंडं आहे. सत्ता अंड्यासारखी असते: आवळली तर फुटते, सैल धरली तर पडते. या काठीचा फोटो पडद्यावर लावा आणि श्रोत्यांना अर्थ विचारा, सुरुवात तिथूनच करा.

आता तुमची यादी. ज्या म्हणीसोबत भाषेचं नाव आणि मूळ शब्द मिळत नाहीत ती सरळ बाजूला ठेवा. 'अख्खं गाव' ही तशीच आहे. तिच्याऐवजी पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतली 'म्कोनो म्मोजा हाउलेई म्वाना' घ्या. म्कोनो म्हणजे हात, म्मोजा एक, हाउलेई वाढवत नाही, म्वाना मूल. एका हाताने मूल वाढत नाही. गाव नाही, हात आहे, आणि चित्र किती नेमकं आहे बघा. ग्रंथालयाचं वाक्य तर म्हणच नाही. मालीचे लेखक आणि मौखिक परंपरेचे संग्राहक आमादू हांपाते बा १९६० साली युनेस्कोमध्ये त्या आशयाचं बोलले होते. हयातभर ज्यांनी म्हाताऱ्यांकडून ऐकून लिहून ठेवलं, त्यांचंच वाक्य निनावी झालं. कार्यक्रमात त्यांचं नाव घ्याच.

६० मधल्या पंधराएक उरल्या तरी काळजी नको. दीड तासाला पंधरासुद्धा जास्तच होतील. प्रत्येकीचं एक कार्ड करा: भाषा, देवनागरीत मूळ शब्द, शब्दशः अर्थ, आणि मग कोण, कुणाला, कधी म्हणतं. हा शेवटचा भाग गाळला की म्हणीचा नुसता सुविचार होतो. आपल्या पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. तिथे ओवीला गाणाऱ्या बाईचं आणि गावाचं नाव जोडलेलं असतं. म्हणीलाही तेवढाच मान हवा.

योरुबात तर म्हण कोण बोलतो याचे रिवाजच आहेत. वडीलधाऱ्यांसमोर लहान माणसाने म्हण वापरली की लगेच क्षमा मागायची, आणि मग वडील म्हणतात, 'आणखी म्हणी सांगायला जगशील.' त्यांच्याकडे म्हणींबद्दलच एक म्हण आहे: 'ओवे लॅशिन ऑरॉ', म्हण हा बोलण्याचा घोडा. बोलणं हरवलं तर त्या घोड्यावर बसून शोधायला निघायचं.

मराठी म्हण बदली म्हणून ठेवू नका. 'हराका हराका हाइना बाराका' या स्वाहिली म्हणीला 'अति घाई संकटात नेई' लावलं की म्हण संपलीच. शब्द बघा: हराका म्हणजे घाई, बाराका म्हणजे बरकत. दोन्ही अरबीतून गेलेले, आणि तेच दोन्ही मराठीत 'हरकत' आणि 'बरकत' होऊन आले. घाईघाईत बरकत नाही. शब्दशः सांगितलं तरी पुण्यातल्या माणसाला कळतं, यमकही कानावर पडतं. मराठी म्हण हवीच असेल तर नंतर, शेजारी ठेवून.

वाचनकट्टा_कोथरूड

हरकत-बरकत डोक्यातच आलं नव्हतं. शीर्षक बदलतो. गोष्टींसाठी असांतेंच्या अनान्सेची, म्हणजे जाळं विणणाऱ्या कोळ्याची, एक निवडली आहे, आकाशदेवाकडून गोष्टी विकत आणतो ती. मुलांसाठी शेवटी तात्पर्य जोडणार आहे. ठीक ना?

कथेकरी_सदाशिव

तात्पर्य जोडू नका. ती पंचतंत्रातली कथा नव्हे. आकाशदेव न्यामेने मागितलेली किंमत (अजगर, गांधीलमाशा, बिबट्या आणि वनपरी पकडून आणणं) कोळ्याने चुकती केली म्हणून गोष्टींना 'अनान्सेसेम', कोळ्याच्या गोष्टी, म्हणतात. कथा तिथेच थांबते. तिला स्वतःची सुरुवात आणि शेवटही आहे. असांते कथेकरी सुरुवातीलाच सांगतो की आम्ही हे खरं म्हणून सांगत नाही, खरं म्हणून सांगत नाही. शेवटी म्हणतो, ही माझी गोष्ट गोड असो वा नसो, थोडी घेऊन जा, थोडी माझ्याकडे परत येऊ दे. साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण म्हणत वाढलेले तुमचे श्रोते हे ऐकताच ओळखतील. ही दोन्ही वाक्यं पाठ करा.

वाचून दाखवू नका, सांगा. या गोष्टी अंधार पडल्यावर सांगायच्या असतात, म्हणून कार्यक्रम संध्याकाळी सातनंतर ठेवता आला तर उत्तम. अजगराच्या प्रसंगाला खास तयारी करा. अनान्से माडाच्या जातीतल्या झाडाची फांदी आणि वेलीची दोरी घेऊन ओढ्याकडे जातो आणि वाटेत स्वतःशीच भांडतो: लांब आहे, नाही लांब, खोटं बोलतेस. अजगर विचारतो, काय झालं? 'माझी बायको आसो म्हणते की ही फांदी तुझ्यापेक्षा लांब आहे, मी म्हणतो नाही.' अजगर मोजून घ्यायला आपणहून आडवा होतो. हे भांडण दोन आवाजांत सांगितलं नाही तर गंमत जाते. आणि युक्ती आसोची आहे, हे विसरू नका. बऱ्याच छोट्या आवृत्त्यांत बायकोच गायब असते.

गांधीलमाशांसाठी पाण्याचा भोपळा: थोडं पाणी त्यांच्यावर, उरलेलं स्वतःवर, डोक्यावर केळीचं पान, आणि 'पाऊस आला, या भोपळ्यात शिरा.' बिबट्यासाठी खड्डा. वनपरी म्मोआतियासाठी झाडाचा चीक फासलेली बाहुली, तिच्या हातात कुस्करलेलं याम. यामला सुरण किंवा रताळं म्हणू नका; आपल्याकडचं कोनफळ हा त्याच जातीचा कंद. परी आभार मानते, बाहुली गप्प, परी चपराक मारते आणि हात चिकटतो.

आणखी एक. असांते श्रोते मुकाट बसत नाहीत, मधेच उठून गाणं सुरू करतात. त्याला 'म्मोगुओ' म्हणतात. कीर्तनात मध्ये गजर होतो तसंच. वीस मिनिटांच्या गोष्टीत दोनदा थांबा आणि दोन ओळींचं धृपद सगळ्यांकडून म्हणवून घ्या.

नातवंडांसाठी स्वाहिली हुमाणं ठेवा. विचारणारा म्हणतो 'किटेंडाविली!', बाकीचे म्हणतात 'टेगा!', म्हणजे घाल कोडं. मग: 'न्युम्बा यांगू हाइना म्लांगो', माझ्या घराला दारच नाही. (अंडं.) उत्तर आलं नाही तर विचारणारा एक गाव मागतो. हरलेल्याने गावाचं नाव द्यायचं आणि ते विचारणाऱ्याला पसंत पडलं की त्याने उत्तर सांगायचं. पुण्यातली मुलं लोणावळ्यापासून सुरुवात करतील.

नाद_आणि_शब्द

सुरांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडंसं. योरुबात सुराच्या तीन पातळ्या आहेत. 'ऑकॉ' हीच अक्षरं घेतली तर शब्द सूर बदलून नवरा, कुदळ किंवा भाला होतं. म्हणून मूळ म्हण देवनागरीतून वाचून पाठ करू नका. त्या भाषेच्या माणसाचं ध्वनिमुद्रण मिळवा आणि तेच वाजवा.

सूर कळला की बोलणारा ढोलही कळतो, म्हणजे बोलण्यातले चढउतार वाजवून निरोप धाडणारा ढोल. काँगो नदीकाठच्या केले भाषेतले असे निरोप इंग्लिश मिशनरी जॉन कॅरिंग्टन यांनी ऐकून टिपले आणि १९४९ साली पुस्तकात दिले. पोकळ केलेल्या ओंडक्याच्या फटीचा एक काठ उंच वाजतो, दुसरा खाली. व्यंजनं-स्वर जातात, फक्त चढउतार उरतो. मग 'सोंगे' (चंद्र) आणि 'कोको' (कोंबडी) सारखेच वाजतात. त्यावरचा उपाय म्हणजे ठरलेली शेपटी: 'सोंगे ली तांगे ला मांगा', खाली पृथ्वीकडे बघणारा चंद्र, 'कोको ओलोंगो ला बोकिओकिओ', किओकिओ करणारी पिटुकली कोंबडी. ही विशेषणं निव्वळ सजावट नव्हेत, त्यांच्याशिवाय निरोप चुकतो. टेबलावर दोन वेगळ्या आवाजाचे डबे ठेवून हे पाच मिनिटांत दाखवता येतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूंची मृत्यूची कथा घेणार असाल तर एका शब्दाला जपा. उन्कुलुन्कुलूने, म्हणजे त्यांच्या निर्मात्याने, 'माणसं मरणार नाहीत' हा निरोप देऊन शामेलिऑनला (घोयरा सरड्याला) पाठवलं. तो वाटेत झुडपावरची छोटी फळं खात रेंगाळला. मागून 'माणसं मरतील' हा निरोप घेऊन दुसरा सरडा निघाला आणि आधी पोचला. मराठीत दोघांनाही 'सरडा' म्हटलं तर गोष्टच कळत नाही, आणि वर आपल्याला लगेच रंग बदलणारा दगाबाज आठवतो. इथे रंगाचा संबंध नाही, दोष रेंगाळण्याचा आहे. पहिल्याला 'घोयरा' म्हणा, दुसऱ्याला 'सरडा', आणि घोयरा कसा एकेक पाय उचलून, अडखळत चालतो ते हाताने करून दाखवा.